'पिकारेस्क': देवमाशाच्या पोटातून सांगितलेली गोष्ट

इंडी फोकमध्ये, म्हणजे स्वतंत्र बँडांच्या लोकगीतांच्या ढंगातील संगीतात, जुन्या काळाचा वेश घेणारे अल्बम पुष्कळ आहेत. खलाशी, राजकन्या, भुते आणि फेरीवाले त्यांत हौसेने आणलेले असतात. परंतु दोन-तीन गाण्यांतच त्यांची नवलाई ओसरते, कारण तो वेश घेऊन कोणी काही सांगत नाही. अमेरिकेतील ऑरेगन राज्याच्या पोर्टलंड शहरातल्या द डिसेंबरिस्ट्स या बँडचा मार्च २००५ मध्ये आलेला 'पिकारेस्क' मला या सर्वांहून वेगळा वाटतो. ११ गाणी आणि सुमारे ५३ मिनिटांच्या या अल्बमात गोष्ट कोण सांगतो आहे, कोणाला सांगतो आहे आणि नेमकी आताच का सांगतो आहे, हे बहुतेक गाण्यांत आधी ठरलेले आहे, आणि त्यातली सगळी गंमत या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून येते.

गीतकार आणि गायक कॉलिन मेलॉय याने मोंटाना विद्यापीठात सर्जनशील लेखनाचा अभ्यास केला होता आणि पुढे त्याने मुलांसाठी कादंबऱ्याही लिहिल्या. त्याची ही कथाकाराची नजर येथे जागोजागी दिसते. अल्बमचे ध्वनिमुद्रण पोर्टलंडमधील एका जुन्या बाप्टिस्ट चर्चच्या इमारतीत, संगीतनिर्माता ख्रिस वॉला याच्या साहाय्याने झाले. 'द इन्फान्ता' या पहिल्या गाण्यात रेचल ब्लूमबर्ग हिचे ड्रम ज्या प्रशस्तपणे घुमतात, त्यावरून त्या जागेचा मोठेपणा कानाला जाणवतो. हे गाणे म्हणजे एका बालराजकन्येची मिरवणूक आहे. हत्ती, अंबाऱ्या, राजा, त्याच्या रखेल्या, दूध आणि मद्याची भांडी घेतलेली दाई, आणि या थाटाकडे पाहून मनात जळणारी एक अपत्यहीन सरदारपत्नी, असा सगळा लवाजमा एकेका कडव्यातून पुढे सरकतो. स्पेन-पोर्तुगालमध्ये राजकन्येला इन्फान्ता म्हणतात; अशाच एका इन्फान्तेच्या, म्हणजे पोर्तुगालच्या कॅथरीनच्या, १६६१ च्या विवाहकरारातून मुंबई इंग्रजांकडे गेली, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या मिरवणुकीतले हत्ती अगदीच परके वाटणार नाहीत. मात्र या गाण्यात कथा अशी घडत नाही. ते एक भव्य प्रवेशद्वार आहे आणि त्या कामापुरते ते उत्तम आहे.

खरी कथनकला दुसऱ्या गाण्यापासून सुरू होते. 'वी बोथ गो डाउन टुगेदर' मध्ये श्रीमंत घरातला एक तरुण आपल्या आणि एका गरीब मुलीच्या अमर प्रेमाची कहाणी सांगतो. घरच्यांच्या विरोधामुळे दोघे कड्यावरून उडी घेणार आहेत. पेट्रा हेडन हिचे व्हायोलिन इतके आर्त वाजते की पहिल्या ऐकण्यात आपण त्या तरुणावर विश्वास ठेवतो. पुन्हा ऐकताना लक्षात येते की मुलगी रडत होती, हे त्याने स्वतःच सांगितले आहे आणि तिच्या मनाची संमती होती, हेही तिच्या वतीने त्यानेच ठरवून टाकले आहे. मुलीला संपूर्ण गाण्यात एकही शब्द नाही. निवेदकाच्या बोलण्यातूनच निवेदकाविरुद्धचा पुरावा उभा करण्याचे हे कौशल्य चांगल्या कथालेखकाचे आहे, आणि चाल सुंदर असल्यामुळे तो पुरावा अधिकच अस्वस्थ करतो.

'द स्पोर्टिंग लाइफ' चा बाज पूर्णपणे निराळा आहे. सामना चालू असताना जायबंदी होऊन मैदानावर पडलेला एक मुलगा तिथूनच आजूबाजूला पाहतो: प्रशिक्षक निराश, वडिलांचा चेहरा उतरलेला आणि मैत्रीण प्रतिस्पर्धी संघाच्या कर्णधाराच्या हातात हात घालून उभी. अपमानाचे हे काही क्षण बँडने उड्या मारणाऱ्या, टाळ्यांना आमंत्रण देणाऱ्या ठेक्यावर बसवले आहेत, आणि त्यामुळे मुलाचे दुःख हलके न होता उलट अधिक खरे वाटते. 'द बॅगमन्स गॅम्बिट' मध्ये वॉशिंग्टनमधील एक सरकारी कर्मचारी एका हेर स्त्रीच्या प्रेमात पडून तिला गुप्त कागदपत्रे देत राहतो. हे गाणे लांब आहे, मधल्या गोंगाटात थोडे भरकटतेही, पण त्या कर्मचाऱ्याने शरणागत होऊन सांगितलेली आठवण मला प्रत्येक वेळी बांधून ठेवते.

सर्वच गाणी या तोडीची नाहीत. मेलेल्या प्रेयसीसाठी रेशमी वस्त्र घेऊ पाहणाऱ्या आणि मरणानंतरही गाडी ढकलत राहणाऱ्या फेरीवाल्याचे 'ईलाय, द बॅरो बॉय' ऐकायला गोड असले, तरी त्यात जुन्या भूतगीतांच्या साच्यापलीकडे फारसे काही नाही. समुद्रावर गेलेल्या प्रियकराच्या पत्राची वाट पाहणारे सहावे गाणेही तसेच. 'सिक्स्टीन मिलिटरी वाइव्ह्ज' हे इराक युद्धाच्या काळातील उपहासगीत आकड्यांच्या खेळावर आणि पितळी वाद्यांच्या दणक्यावर उत्तम चालते.

अल्बमचा मुकुटमणी म्हणजे दहावे गाणे, 'द मरिनर्स रिव्हेंज साँग'. पावणेनऊ मिनिटांच्या या गाण्याची मांडणी मी कोणत्याही लेखनवर्गात शिकवावी अशी मानतो. जहाज बुडाल्यावर दोन माणसे देवमाशाच्या पोटात सापडली आहेत. फासळ्यांचे छत, आतड्यांचा गालिचा, आणि हाताशी भरपूर वेळ. त्यांतला एक दुसऱ्याला सांगू लागतो की तुला मी आठवत नसेन. तो तीन वर्षांचा असताना अठरा वर्षांच्या या दुसऱ्याने त्याच्या विधवा आईला मोहात पाडले, जुगारात कर्ज केले आणि तिला सोडून पळ काढला. जमीन जप्त झाली, आई क्षयाने गेली आणि जाताना मुलाला सूड घेण्याची आज्ञा देऊन गेली. ती आज्ञा हेच गाण्याचे ध्रुवपद आहे. अनाथ मुलगा एका मठात झाडलोट करतो, पंधरा वर्षांनी एका खलाशाच्या बोलण्यातून त्याला शत्रूचा माग लागतो, तो जहाजावर चढतो, वीस महिने पाठलाग करतो, आणि दोन्ही जहाजे समोरासमोर येतात त्याच क्षणी देवमासा वर येतो.

ही गोष्ट सांगण्याला निवेदकापाशी कारण आहे. श्रोता हाच गुन्हेगार आहे आणि गोष्ट संपली की त्याचा शेवट होणार आहे. म्हणजे प्रत्येक कडव्याबरोबर सूड जवळ येत जातो. आपणा दोघांनाच जिवंत ठेवणाऱ्या विधात्याचे निवेदक जे आभार मानतो, त्यात या अल्बमचा खेळकरपणा सर्वांत धारदार झाला आहे. जेनी कॉनली हिचा अकॉर्डियन आधी रेंगाळतो, मग वेग घेतो आणि पाठलागात बेभान होतो. हे गाणे सर्व वादकांनी एकाच मायक्रोफोनभोवती जमून एकत्र वाजवले, आणि त्या दाटीचा खडबडीतपणा त्याला शोभतो. मैफलीत बँडचा गिटारवादक ख्रिस फंक याची खूण होताच श्रोते देवमाशाने गिळल्यासारखे किंचाळतात. पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी जसे सूर उचलतात, तसे येथे संपूर्ण सभागृह गोष्टीचा भाग होते.

मेलॉयचा नाकातून येणारा, शब्द कडक उच्चारणारा आवाज सर्वांना आवडणार नाही, आणि त्याच्या जुन्या इंग्रजी शब्दसंग्रहामुळे गाण्यांचे शब्द समोर ठेवूनच पहिल्यांदा ऐकणे श्रेयस्कर. जमल्यास सीडी किंवा रेकॉर्डच घ्यावी. तिच्यासोबतच्या छायाचित्रांत बँडमधील मंडळींनी गावच्या हौशी नाटकासारखी वेशभूषा करून गाण्यांतले प्रसंग उभे केले आहेत आणि ते पाहण्याजोगे आहेत. स्ट्रीमिंगवर ऐकणाऱ्यांनी गाण्यांचा क्रम मोडू नये. हा वेश पाहून अल्बम लहान मुलांसाठी आहे असा समजही कोणी करून घेऊ नये, कारण दुसऱ्या गाण्यातला अत्याचार आणि 'ऑन द बस मॉल' मधील पोर्टलंडच्या रस्त्यांवर देह विकून जगणारी, घर सोडून आलेली दोन मुले, हे विषय मोठ्यांनीच समजून ऐकण्याचे आहेत. त्या दोन मुलांचे गाणे तर या अल्बममधले सर्वांत हळवे गाणे आहे: तेथे राजा नाही, भूत नाही, देवमासा नाही, आणि तरीही मेलॉय त्या दोघांच्या सोबतीला इतर गाण्यांतल्या राजकन्येइतकाच मान देतो.