माशांची टाकी: गोड्या पाण्याची की खाऱ्या?

धाकट्या भावाला कोथरूडच्या फ्लॅटमध्ये माशांची टाकी ठेवायचीय, आणि समुद्री माशांचे रंग बघून स्वारी पाघळलीय. दुकानदाराचं सोडा, नुसतं पाणी बघू.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार. म्हणजे १०० लिटरच्या टाकीला साडेतीन किलो मीठ, तेही खास, स्वयंपाकघरातलं नव्हे. शिवाय आरओचं पाणी. पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये पाणी भराभर उडतं, मीठ मात्र मागेच राहतं; म्हणून तूट साध्या पाण्यानेच भरायची. खारं ओतलंत तर क्षार वाढतच जातात. त्यात खाऱ्या, कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. प्रवाळ ठेवलेत तर चिलर, म्हणजे पाणी थंड ठेवणारं यंत्र, आलाच, आणि खर्च तिथेच हाताबाहेर जातो.

गोड्या टाकीला नळाचं पाणी चालतं, फक्त क्लोरिन घालवायचं. गप्पी मासे थोडंफार उन्नीस-बीस सोसतात.

माशांच्या घाणीतून होणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू रुजायला दोन्हीकडे काही आठवडे लागतातच. तिथे सवलत नाही.

सतत गावाला जाणं-येणं, बेताचं बजेट असेल तर गोडं. क्षार मोजत बसायची हौस आणि घरात कायम कुणीतरी माणूस असेल, तरच खारं. भावाला मी गप्पीच सांगितलेत.