घाणेरी काढायला पैसा कोणता घ्यावा? ग्रामसभेपुढचे चार मार्ग

सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाचं जंगल राखायचा आणि वापरायचा हक्क, मिळालेली ग्रामसभा जंगलाचा आराखडा करायला बसली की घाणेरीचा, म्हणजे रान व्यापणाऱ्या लँटाना या परदेशी झुडपाचा, विषय निघतोच. गवत दबलं, गुरांची चराई गेली, तेंदूच्या पानापर्यंत पोचायला वाट उरली नाही. काढायची, यावर एकमत होतं. अडतं ते पैशावर. मार्ग चार आहेत: रोजगार हमी, कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा निधी), कॅम्पा (जंगलजमीन दुसऱ्या कामाला गेली की भरपाई म्हणून जमा होणारा वनीकरण निधी) आणि गाव अनुसूचित, म्हणजे आदिवासी क्षेत्रात असेल तर तिथल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याचा अबंध निधी, म्हणजे आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के वाटा, जो कुठे वापरायचा ते ग्रामसभा ठरवते. कुठे रक्कम मोठी मिळते, एवढंच बघून ठरवू नका. तो पैसा तिसऱ्या वर्षीही येणार का आणि पावसाळ्यात हाताशी असणार का, हे आधी विचारा.

घाणेरी वरून तोडली की बुंध्यातून दुप्पट फुटते. दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबू यांच्या गटाने यावर जी पद्धत बसवली, तिच्यात कुदळीने जमिनीखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर मूळ तोडतात आणि झुडूप उलटं करून ठेवतात, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. इथे काम संपत नाही. फळं खाऊन पक्षी ज्या झाडांवर बसतात, त्यांच्याखाली पुढची काही वर्षं रोपं येत राहतात. ती उपटायची आणि मोकळ्या जागेवर स्थानिक गवत आणायचं. रोपं ओल्या मातीत सहज निघतात, मे महिन्यातल्या कडक जमिनीत तुटतात. धानपट्ट्यात रोवणी आटोपल्यावर माणसं मोकळी होतात, तोच खरा हंगाम.

रोजगार हमी पहिल्या वर्षासाठी सगळ्यात भक्कम. ठेकेदार नाही, मजुरी थेट गावातल्या माणसाच्या खात्यात. पण मजुरी मोजमापावर ठरते. दाट घाणेरी काढलेली जमीन डोळ्यांना दिसते, टेपने मोजता येते. दुसऱ्या वर्षी मात्र माणूस दिवसभर पट्ट्यातून फिरतो आणि टीचभर रोपं उपटतो. मापात ते जवळजवळ काहीच भरत नाही, आणि मजुरी पडली की लोक येईनासे होतात. अंदाजपत्रक करतानाच दाट, मध्यम आणि विरळ असे पट्टे वेगळे दाखवा, देखभालीचं काम स्वतंत्र मांडा. मजुरी उशिरा आली तर काय, याचीही तयारी ठेवा.

सीएसआरचं आकर्षण मोठं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम खर्चावी लागते, आणि पर्यावरण हा विषय त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे सीएसआरला चालणाऱ्या कामांच्या यादीत आहे. अडचण अशी की ग्रामसभेच्या खात्यात हा पैसा सहसा थेट येत नाही. २०२१ पासून काम करणाऱ्या संस्थेला सरकारकडे सीएसआर-१ या अर्जाने नोंदणी लागते, म्हणून मध्ये एखादा न्यास किंवा संस्था घ्यावी लागते. तिच्याशी लेखी करार करा आणि कामावर कोण, दर काय, हे ग्रामसभेच्या ठरावातच लिहा. दुसरी गोष्ट, कंपनीला लावलेल्या रोपांचा आकडा दाखवायला आवडतो. घाणेरी काढून लगेच खड्डे खणून झाडं लावा, असा आग्रह झाला तर ऐकू नका. तिथे आधी गवत आलं पाहिजे. मार्चअखेरचा उरलेला निधी एकरकमी घेऊ नका. कायद्यात ‘चालू प्रकल्प’ अशी सोय आहे, त्यात सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं मिळतात. कंपनी त्याला तयार असेल तर सीएसआरसारखा मार्ग नाही. तयार नसेल तर मी नकोच म्हणेन.

कॅम्पाचा कायदा २०१६ चा. निधी मोठा, पण वार्षिक आराखडा वन विभागाचा आणि खर्चही त्यांच्या हातून. विभागाशी संबंध चांगले असतील तर लगतच्या वनखंडातली घाणेरी त्यातून काढून घ्या, नाहीतर पलीकडून बी येतच राहील. स्वतःच्या हद्दीसाठी यावर विसंबू नका.

पेसाचा अबंध निधी रकमेने लहान, पण मला सगळ्यात मोलाचा वाटतो. २०१५ च्या शासन निर्णयाने तो सुरू झाला, वनसंवर्धन आणि वनउपजीविका त्यात बसतात, कामं ग्रामसभा ठरवते आणि पैसा ग्रामसभा कोषात येतो. टीचभर रोपं उपटण्याच्या, मापात न भरणाऱ्या कामाला हाच पैसा धार्जिणा. तो रस्ता-गटारांत संपू देऊ नका.

अनुसूचित क्षेत्रातल्या गावाने पहिली खोदाई रोजगार हमीतून आणि पुढची दोन वर्षं अबंध निधीतून करावी. पेसाबाहेरच्या गावाने दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी चालू प्रकल्पाचा सीएसआर शोधावा, तो मिळेपर्यंत तेंदू-बांबूच्या उत्पन्नातून थोडा वाटा बाजूला काढावा. हेही जमत नसेल तर शंभर हेक्टरचा प्रस्ताव करू नका. पाणवठ्याजवळचे पाच-दहा हेक्टर घ्या आणि तेवढ्यावरच तीन पावसाळे काम करा.