क्यूनॅप टीएस-२१९पी वर डेबियन: यंत्र भक्कम, फ्लॅश तोकडी

टीएस-२१९पी म्हणजे क्यूनॅपचा घरगुती नेटवर्क-साठवण संच (एनएएस): दोन डिस्क, ५१२ एमबी रॅम, आणि फ्लॅश, म्हणजे यंत्र सुरू करणारी पक्की मेमरी, फक्त १६ एमबी. डेबियन ही लिनक्स प्रणाली डिस्कवर राहते, पण कर्नल (प्रणालीचा गाभा) आणि इनिटरॅमएफएस (सुरू होताना लागणारी छोटी तात्पुरती फाइल-प्रणाली) फ्लॅशमध्येच मावायला हवेत: पहिल्याला २ एमबी, दुसऱ्याला ९ एमबी. अपग्रेड करताना घोडं इथेच पेंड खातं.

इनिटरॅमएफएस आटोक्यात आणता येतो. त्याच्या मुख्य सेटिंग फाइलमध्ये मॉड्यूल्सची (कर्नलच्या सुट्या भागांची, उदा. ड्रायव्हर) सेटिंग 'मोस्ट' (बहुतेक सगळे) वरून 'डेप' (या यंत्राला लागतील तेवढेच) करा, कॉम्प्रेशन 'एक्सझेड' ठेवा. 'ड्रायव्हर-पॉलिसी' ही वेगळी फाइल असेल तर तीही उघडून पाहा. मुख्य फाइलमधला बदल तिच्यापुढे चालत नाही, आणि बहुतेकांचं हेच नजरेतून सुटतं. कर्नलच २ एमबीच्या वर गेला, तर मात्र स्वतः छाटून बांधलेला कर्नल किंवा जुनी आवृत्ती, हे पर्याय.

फ्लॅश-कर्नलने (नवा कर्नल फ्लॅशमध्ये लिहिणाऱ्या प्रोग्रॅमने) जागा अपुरी असल्याचं सांगितलं, तर जुन्या कर्नलचे मॉड्यूल ऑटोरिमूव्हने (नको असलेली पॅकेजेस आपोआप काढणाऱ्या आदेशाने) काढू नका. यंत्र अजून त्याच कर्नलवर सुरू होणार आहे. अपग्रेडआधी एमटीडीच्या, म्हणजे फ्लॅशच्या, सगळ्या विभागांची प्रत दुसऱ्या संगणकावर हवीच. ती असेल तर टीएफटीपीने (नेटवर्कवरून फाइल पाठवण्याच्या साध्या पद्धतीने) यंत्र पुन्हा उभं करता येतं.

हे यंत्र हाताशी असेल तर जरूर वापरा. डेबियनसाठी मुद्दाम विकत घेऊ नका.