गॅरिडो की मार्टिन? कॉलेज बेसबॉलच्या कोचनं कोणाची वाट धरावी

विद्यापीठाच्या निवड चाचणीला नवे कोच भेटतात. संघ नुकताच हातात आलेला असतो, डोक्यात कल्पना भरपूर असतात, आणि प्रश्न ठरलेला असतो: "सर, अमेरिकेतल्या कॉलेज कोचपैकी नेमकं कोणाचं बघू?" प्रश्न रास्त आहे. व्हिडिओंचा ढीग पडलाय, सगळं बघत बसलं तर सराव घ्यायचा कधी? आणि दोन मोठ्या कोचांचं अर्धं अर्धं उचललं की मुलांचा गोंधळ उडतो. पहिली काही वर्षं तरी एकाच्या मागं जावं, असं मला वाटतं.

रॉड डेडो यांचं नाव कोणी घेतलं तर मी मान डोलावतो आणि पुढं सरकतो. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या यूएससीत ११ राष्ट्रीय जेतेपदं, त्यातली १९७० ते ७४ सलग पाच. माणूस अफाट होता. पण टॉम सीव्हर, फ्रेड लिन अशी पोरं दाराशी येत होती तो काळ आणि ती जागा आपल्याला उपयोगी नाही. लुइझियाना स्टेटच्या स्किप बर्टमन यांची पाच जेतेपदंही तशीच. त्यांच्या १९९७च्या संघानं एका हंगामात १८८ होम रन, म्हणजे थेट मैदानाबाहेर जाणारे फटके, मारले. त्या वेळच्या उसळत्या मेटल बॅटी २०११ पासून नियमानंच गेल्या, आणि आपल्या पोरांचे खांदे मी रोज बघतो. तेव्हा तेही बाजूला.

उरतात ऑगी गॅरिडो आणि माइक मार्टिन. मी या दोघांत बराच काळ घुटमळलो.

आकड्यांवर निवड करू पाहणाऱ्याची पंचाईत होते. गॅरिडोंचे विजय १,९७५ आणि राष्ट्रीय जेतेपदं पाच: कॅल स्टेट फुलर्टनकडून १९७९, १९८४ आणि १९९५, टेक्सासकडून २००२ आणि २००५. म्हणजे चार वेगवेगळ्या दशकांत. मार्टिन यांचे विजय २,०२९. फ्लोरिडा स्टेटला १९८० ते २०१९ असे ४० हंगाम, त्यातला एकही ४० विजयांच्या खाली नाही आणि एकाही वर्षी एनसीएए (अमेरिकेतली कॉलेज खेळांची संघटना) स्पर्धा चुकली नाही. ओमाहाला, म्हणजे कॉलेज वर्ल्ड सीरिजला, १७ वेळा धडक. जेतेपद मात्र एकही नाही.

बहुतेक जण त्या शून्यापाशी थांबतात आणि गॅरिडोंचं नाव लिहून घेतात. मला ते पटत नाही. ओमाहाला पोहोचलेले आठही संघ तगडे असतात आणि सगळा खेळ दीडेक आठवड्याचा. एखाद्या पिचरचा हात त्या दिवशी चालला, जमिनीवरून आलेली एखादी ग्राउंडर वेडीवाकडी उडाली, की वर्षभराची मेहनत संपते. १९९९च्या अंतिम सामन्यात मायामीनं फ्लोरिडा स्टेटला ६-५ नं हरवलं. त्या एका रननं मार्टिन यांचं शिकवणं कमअस्सल ठरत नाही. आपल्या आंतरमहाविद्यालयीन नॉकआउटमध्ये चांगला संघ पहिल्याच सकाळी घरी गेलेला आपण सगळ्यांनी पाहिलाय.

गॅरिडोंबद्दल मात्र मनापासून सांगतो. त्यांच्या कारकिर्दीचा पहिला भाग आपल्याकडच्या कोचला जितका जवळचा वाटेल तितका दुसऱ्या कोणाचा वाटणार नाही. १९७३ला ते फुलर्टनला आले तेव्हा कॉलेज पहिल्या श्रेणीत खेळतही नव्हतं. आसपास यूएससीसारखी बडी नावं, आणि इथं पैसा नाही, परंपरा नाही. १९७५ला संघ पहिल्या श्रेणीत गेला आणि त्याच वर्षी थेट ओमाहाला पोहोचला. चार वर्षांनी जेतेपद. मोठ्यांनी न उचललेल्या मुलांना घेऊन हे उभं केलंय. त्या काळातले अंतिम सामन्यांचे स्कोअर बघा: १९७९ला आर्कान्सासवर २-१, १९८४ला टेक्सासवर ३-१. पिचिंग, फील्डिंग आणि हातात आलेला प्रत्येक बेस वाजवून घेणं. रनर आला की पुढं सरकवा, एक रन काढा, तो राखा. मग मध्ये इलिनॉयला तीन वर्षं, परत फुलर्टन, मार्क कॉट्से या खेळाडूनं गाजवलेला १९९५चा ५७ विजय, ९ पराभवांचा तो हंगाम, आणि १९९७ पासून टेक्सास. दोन वेगळ्या कॉलेजांना जेतेपद मिळवून देणारे ते पहिले कोच.

शिवाय मनाच्या तयारीचं काम. केन रविझा हे क्रीडा मानसशास्त्राचे प्राध्यापक फुलर्टनमध्येच होते. त्यांना गॅरिडोंनी डगआउटपर्यंत, म्हणजे संघाच्या बाकापर्यंत, आणलं, तेही असल्या गोष्टींकडे कोणी फारसं बघत नव्हतं तेव्हा. एरर, म्हणजे फील्डिंगची चूक, झाल्यावर पुढच्या पिचआधी श्वास कसा घ्यायचा, नजर कुठं ठेवायची, हे सरावात शिकवायचं. २००९ला ऑस्टिनमध्ये टेक्सासनं बॉस्टन कॉलेजला २५ इनिंगनंतर ३-२ नं हरवलं. ऑस्टिन वुड नावाचा रिलीफ (मध्येच बदली आलेला) पिचर १३ इनिंग टाकत राहिला. सात तासांच्या वर चाललेल्या त्या सामन्यात संघ ढेपाळला नाही, यात त्या तयारीचा वाटा असणार असं मी मानतो.

एवढं सगळं असूनही मी त्यांच्या वाटेवर टिकलो नाही, आणि कारण एकच: बंट, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू हळूच पुढ्यात पाडणं.

आमच्याकडं येणारी मुलं टेनिस बॉल क्रिकेटवर वाढलेली. हात मऊ ठेवून चेंडू पायाशी पाडणं त्यांना चटकन जमतं, त्यामुळं कोचला वाटतं, हे आपलं हत्यार. गॅरिडोंच्या पद्धतीनं खेळायचं तर सॅक्रिफाइस बंट, म्हणजे स्वतः आउट होऊन रनरला पुढं सरकवणं, रोजचाच. मीही तो रोज घेतला. पहिला त्रास मैदानाचा. गवताच्या इनफिल्डवर बंट केलेला चेंडू मरतो. आमच्या टणक मुरमावर तो टुणटुणत थेट धावत येणाऱ्या थर्ड बेसमनच्या ग्लोव्हमध्ये जातो, आणि तो वळून सेकंडला फेकतो. ज्याला पुढं सरकवायचं तोच आउट. दुसरा त्रास सवयीचा. क्रिकेटमध्ये ब्लॉक केल्यावर पळायची सक्ती नसते, म्हणून पोरगं बंट करून क्षणभर चेंडूकडं बघत उभं राहतं. हे दोन्ही सरावानं सुटतं, सुटलंही.

न सुटलेली गोष्ट वेगळी होती. बंटची साइन, म्हणजे कोचची खूण, येऊ शकते हे एकदा डोक्यात बसलं, की मुलगा प्रत्येक पिचआधी मान वळवून माझ्याकडं बघायला लागतो. बेस रिकामे, काउंट २-० (दोन बॉल, स्ट्राइक एकही नाही), समोरचा पिचर कपाळ पुसतोय, पुढचा चेंडू मधोमध येणार हे बाकावरच्या राखीव पोरालाही दिसतंय, आणि माझा सगळ्यात चांगला बॅटर थर्ड बेसच्या बाजूला उभ्या माझ्याकडं डोळे लावून. मी हातानं "मार" म्हणेपर्यंत त्याचं वजन मागच्या पायावरून हललेलं असतं, बॅट अर्धी खाली आलेली असते. स्विंग मग अर्धवटच. साइन कमी केल्या, ठरावीक इनिंगपुरत्या ठेवल्या, तरी मान वळायची ती वळतच राहिली. कदाचित दुसऱ्या कोचला हे टाळता येत असेल. मला त्या वळणाऱ्या मानेचा इतका वैताग आला की मी दुसरीकडं बघायला लागलो.

आणि हिशोबही मला पटेना. वेळेअभावी आपले सामने बऱ्याचदा सात इनिंगचे होतात. २१ आउट हातात. त्यातले तीन-चार आपणच देऊन टाकायचे?

मार्टिन यांचे संघ वॉकसाठी, म्हणजे चार बॉल (झोनबाहेरचे चेंडू) सोडून फुकट मिळणाऱ्या पहिल्या बेससाठी, ओळखले जायचे. चेंडू सोडायचे, काउंट लांबवायचा, पिचरला दमवायचं, फुकट बेस घ्यायचा आणि आउट मात्र फुकट द्यायचा नाही. मी हे मुलांना समजावायला लागलो तेव्हा फार बोलावंच लागलं नाही. "विकेट फेकू नकोस" हे प्रत्येकानं गल्लीतल्या दादाकडून ऐकलेलं असतं. ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडणारा डोळा त्यांच्याकडं आधीच असतो, तो फक्त होम प्लेटवर आणून बसवायचा. त्यात निर्णय मुलाचा. चेंडू पिचरच्या हातातून सुटल्यापासून प्लेटपर्यंत त्याला दुसऱ्या कोणाकडं बघायची गरज नाही. मान सरळ राहते. आमच्या रनमध्ये किती फरक पडला याचा तक्ता मी मांडलेला नाही, पण समोरचा पिचर चौथ्या इनिंगला खांदा चोळताना दिसायला लागला, आणि त्यानंतरच्या इनिंगमध्ये आमचे हिट लांब जायला लागले.

मार्टिन यांच्या बाजूनं दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचं एका जागी राहणं. खेळाडू म्हणून फ्लोरिडा स्टेट, १९७५ पासून तिथंच असिस्टंट, तिथले कोच डिक हाउजर यँकीज या व्यावसायिक संघाचे मॅनेजर म्हणून गेल्यावर १९८०ला हेड कोच, आणि थेट २०१९ पर्यंत. एवढा टिकाव असला की मुलासाठी थांबता येतं. बस्टर पोझी शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर) म्हणून आला होता. दुसऱ्या वर्षी त्याला कॅचर केलं. चांगला चाललेला शॉर्टस्टॉप उचलून प्लेटमागं बसवायचा तर वर्ष वाया गेल्याची भीती असते. २००८ला पोझीला गोल्डन स्पाइक्स हे सर्वोत्तम हौशी खेळाडूचं बक्षीस मिळालं आणि सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या व्यावसायिक संघानं त्याला नव्या खेळाडूंच्या निवडीत पाचव्या क्रमांकावर निवडलं. आपल्याकडं क्रीडा संचालक बऱ्याचदा एकाच कॉलेजात सेवानिवृत्तीपर्यंत असतो. अशी बदल्या न होणारी नोकरी मार्टिन यांच्या वाटेला साजेशी आहे. प्रथम वर्षाच्या मुलाकडं तृतीय वर्षाचा कॅचर म्हणून बघायची सवड आपल्याला आहे, ती वापरावी.

आवाजाचाही मुद्दा आहे. गॅरिडोंचा पारा चढला की काय व्हायचं ते कॅमेऱ्यात टिपलेलं आहे, आणि खेळाडू त्यांच्यावर जीव टाकायचे हेही तितकंच खरं. मार्टिन देवभोळे होते, तोंडात शिवी नसायची. आपल्याकडं सामन्याला मुलाचे वडील आणि कधी आजीही येऊन बसलेली असते. मला मार्टिन यांचा सूर जास्त मानवतो. हा स्वभावाचा भाग आहे, ज्याचा त्यानं ठरवावा.

मार्टिन यांच्या वाटेवरचे खड्डेही सांगायला हवेत. अंपायरची झोन (ज्या पट्ट्यातला चेंडू तो स्ट्राइक धरतो ती) रुंद असली की सोडलेले चेंडू स्ट्राइक होतात आणि पोरं बॅट खांद्यावर ठेवूनच परत येतात. आपल्या स्पर्धांत झोन सामन्यागणिक बदलते, म्हणून पहिल्या इनिंगला ती ओळखून दोन स्ट्राइकनंतरचं धोरण बदलावं लागतं. सामने लांबतात. पाच वाजता क्रिकेटवाल्यांना मैदान द्यायचं असेल तर ही मोठीच अडचण. शिवाय वॉकवर टाळ्या पडत नाहीत, प्राचार्यांना फोटोसाठी होम रन हवा असतो. तेवढं सोसावं लागतं.

तेव्हा, तुमच्याकडं एकच जबरदस्त पिचर असेल, इनफिल्ड भरवशाचं असेल आणि याच वर्षी विद्यापीठाचा चषक आणायचा असेल, तर गॅरिडोंकडं जा. एक रन काढून तो राखण्याची कला त्यांच्याइतकी चांगली कोणी दाखवली नाही. संघ शून्यातून उभा करत असाल तर १९७३ ते ७९चं फुलर्टन कोणत्याही परिस्थितीत वाचाच, मी आजही वाचतो. पण तीन वर्षं टिकणारी मुलं आहेत, पिचर साधारण आहेत आणि बॅटरनं स्वतःचं डोकं वापरावं असं वाटत असेल, तर मी मार्टिन यांचं नाव पुढं करेन.

सुरुवात खर्चाची नाही. पिचर आणि कॅचर रोज गरम होत असतात, त्या वेळी एकेका बॅटरला हेल्मेट घालून प्लेटपाशी उभं करा. बॅट हलवायची नाही. चेंडू सुटला की कॅचरच्या ग्लोव्हमध्ये पोचायच्या आत मोठ्यानं ओरडायचं: बॉल किंवा स्ट्राइक. कॅचर हो-नाही सांगतो. पहिल्या आठवड्यात गलका होतो, पिचर चिडतात, कारण पोरं त्यांच्या चांगल्या चेंडूलाही बॉल म्हणतात. चिडू द्या. दुसऱ्या आठवड्यापासून पिचरही कोपरे शोधायला लागतात.