ऑफिसची फाईल व्हॉट्सॲप ग्रुपवर की गूगल ड्राइव्हवर?

व्हॉट्सॲपवर फाईल टाकणं सोपं, 2 जीबीपर्यंतची जाते, साहेबपण तिथेच असतात, पण मग "रेट लिस्ट फायनल", "फायनल 2", "एकदम फायनल" अशी वरात निघते आणि कस्टमरला नेमकी जुनीच जाते. ड्राइव्हवर लिंक एकच, शीटमध्ये कुणी आकडा बदलला तर व्हर्जन हिस्टरीत कधी आणि कुणी ते दिसतं, जुनं परतही आणता येतं. फुकटात 15 जीबी मिळते खरी, पण त्यातच जीमेल आणि फोटोही आले, म्हणजे घरच्या लग्नाचे व्हिडिओ असतील तर झालंच कल्याण! फक्त मेन फाईल कुणाच्या पर्सनल अकाउंटवर नको, तो नोकरी सोडून गेला की बसा बोंबलत. मी तर ग्रुपवर नुसती लिंक टाकतो. "ट्रॅफिकमध्ये अडकलोय" वगैरे निरोप मात्र ग्रुपवरच बरे.