स्कॅलेक्स्ट्रिक की स्लॉट.इट?

दोन्ही विजेवर पळणाऱ्या खेळण्यातल्या शर्यतीच्या गाड्या, १:३२ मापाच्या (खऱ्या गाडीच्या बत्तिसाव्या हिश्शाएवढ्या), ट्रॅकच्या खाचेतून धावणाऱ्या. स्कॅलेक्स्ट्रिक हे १९५७ पासूनचं ब्रिटिश नाव, बरीच वर्षं हॉर्नबी या खेळण्यांच्या कंपनीकडे असलेलं. गाडी खोक्यातून काढा, ट्रॅकवर ठेवा, पळवा. पोटाखालचं चुंबक तिला ट्रॅकच्या लोखंडी पट्ट्यांकडे ओढून धरतं, म्हणून नवशिक्याची गाडीही वळणावर सहज उडत नाही. घरी मुलांबरोबर खेळायला मी डोळे झाकून हीच सुचवेन.

पण अनेक क्लबांत चुंबक काढूनच शर्यत होते आणि फरक तिथे कळतो. इटलीच्या स्लॉट.इटमध्ये मोटर आणि मागचा आस एका वेगळ्या पॉडमध्ये, म्हणजे सुट्या चौकटीत, बसवलेले असतात. पॉडचे स्क्रू जरासे सैल केले की तो चासीपासून (गाडीच्या तळाच्या सांगाड्यापासून) सुटा, किंचित हलता राहतो. मागच्या चाकांची थरथर मग पुढे पोचत नाही आणि गाडी वळणातून शांतपणे बाहेर पडते. हे हाताला जाणवतं, हातातल्या कंट्रोलरचा वेगाचा ट्रिगर थोडा लवकर दाबता येतो. मागची चाकं आणि गिअर बारीक ॲलन स्क्रूने (षटकोनी खाचेच्या, ॲलन कीने फिरवायच्या) आसावर आवळलेले असतात, त्यामुळे गिअर बदलून ट्रॅकप्रमाणे वेग आणि पिकअप यांचा मेळ घालता येतो. स्कॅलेक्स्ट्रिकची चाकं सहसा आसावर दाबून बसवलेली. टायर घासून गोल करणं, थोडं वजन चिकटवणं, एवढंच सहज जमतं.

स्लॉट.इट साधारणपणे महाग पडते. तरी नियमित शर्यतीत उतरणार असाल, तर दोन साध्या गाड्यांऐवजी ही एकच घ्या, आणि सोबत चांगली ॲलन की.