लेन्स ठीक, डबीनं वात आणला

कॉन्टॅक्ट लेन्सबद्दल फार लिहीत नाही. महिनाभर वापरायच्या, सिलिकॉन हायड्रोजेल या मऊ प्लास्टिकच्या, नंबर बरोबर, संध्याकाळी जरा कोरड्या पडतात, एवढंच. मला बोलायचंय लेन्स ठेवायच्या डबीबद्दल. निमित्त, इंदूरच्या राजवाड्याजवळच्या एका चष्म्याच्या दुकानातली परवाची वादावादी.

मला नुसती डबी हवी होती. काउंटरवरचा पोरगा म्हणे, "मॅडम, अलग से नहीं आता, बॉटल के साथ फ्री है." घरी लेन्स धुवायच्या सोल्युशनची अर्धी बाटली पडलेली, दुसरी कशाला घेऊ? "तो पुरानी धो के चला लो."

कशानं धुऊ? आमच्या रामबागेत नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, मधल्या दिवशी गच्चीवरची टाकी. अशा पाण्यात अकँथअमीबा हा डोळ्याला घातक सूक्ष्मजीव असू शकतो. तो स्वतःभोवती कवच करून बसला की औषधालाही दाद देत नाही. आरओचं पाणीही निर्जंतुक नसतं, तेव्हा तेही बाद.

डबीच्या तळाला खाचा आहेत. सुरुवातीला आवडल्या होत्या, कारण लेन्स चिकटत नाही. आता त्याच खटकतात. रिकाम्या डबीत बोट फिरवलं तर खाचांत बुळबुळीत लागलं. दिसायला डबी लख्ख! हा जंतूंचा थर. स्युडोमोनास, सेरेशिया, स्टॅफिलोकोकस ही मंडळी चिकट आवरण करून त्यात राहतात, आणि सुटे जंतू मारणारं सोल्युशन आत नीट पोचत नाही. वर अमीबाला हे जंतू म्हणजे आयतं जेवण. यांतला स्युडोमोनास कॉर्नियात, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात, शिरला तर एक-दोन दिवसांत जखम वाढवतो. म्हणून तर डबी दर ३ महिन्यांनी बदला म्हणतात. बदला, पण विकत कोण देणार?

तोवर रोज सकाळी जुनं सोल्युशन फेकते (त्यातच नवं ओतून पैसे वाचवत नाही), ताज्या सोल्युशननं खाचा बोटानं चोळते, टिश्यूनं पुसते आणि डबी-झाकणं उपडी घालते. बाथरूममध्ये मात्र नाही, तिथं दमट असतं. आत्या म्हणते, "भातुकली मांडलीस काय गं?"

मध्ये ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडवालं सोल्युशनही वापरलं. पेरॉक्साइडचं पाणी आणि वायू करणारी प्लॅटिनमची चकती असलेली उभी डबी, ६ तास बुडवून ठेवायचं. त्याआधी लेन्स डोळ्यात घातली तर आग आग. प्रत्येक बाटलीबरोबर नवी डबी येते, हे पाहून मी खूश! पण बाटली महाग, आणि झाकणाला वायू जायला भोक, त्यामुळे भोपाळच्या बसमध्ये पर्समध्ये आडवी झाली आणि सगळं सांडलं. घरी उत्तम, प्रवासात नको.

शेवटी साध्या सुट्या डब्या ऑनलाइन मिळाल्या, गुळगुळीत तळाच्या. पाच-सहाचं पाकीट, बाटलीपेक्षा कितीतरी स्वस्त. लेन्सला चार तारे. फुकटच्या डबीला एक, तोही झाकणावरचं 'एल' चष्म्याशिवाय चाचपून कळतं म्हणून.